समुद्र तापला आणि पेरा राहिला

भूगोल शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. समोर काहीही घडलं तरी त्याचं कारण त्याला लांब कुठंतरी, नकाशाच्या दुसऱ्या टोकाला दिसायला लागतं. ज्ञानू मास्तरला ही खोड त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात जरा जास्तच लागली. लागू दे, आमची ना नाही. पण तिची झळ बसली त्याच्या थोरल्या भावाच्या भाताला.

ज्ञानू मूळचा कोडोलीचा. कोल्हापुरात एका हायस्कुलात भूगोल शिकवायचा आणि शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागं दोन खोल्या भाड्यानं घेऊन बायको विमलासह राहायचा. गावाकडं थोरला भाऊ आकाराम आणि वहिनी बयाबाई. वडील लवकर गेले, तेव्हा आकारामनं चौथीतच शाळा सोडून औत धरलं आणि ज्ञानूला शिकवलं. ऊस थोडका, पण भाताचं रान दीड एकर, काळंभोर. त्या रानातला भात दोन्ही घरांना वर्षभर पुरायचा. शेतीत ज्ञानूनं कधी तोंड घातलं नव्हतं आणि आकारामनंही त्याला कधी काही विचारलं नव्हतं. दोघांचं बरं चाललं होतं.

पन्हाळ्याच्या त्या बाजूला भात पेरायची जुनी रीत आहे. पाऊस यायची वाट कोणी बघत नाही. मे सरत आला, रोहिणी नक्षत्र निघालं, की कोरड्या ठणठणीत मातीत, पाय घातला तर धूळ उडावी अशा रानात, कुरीनं, म्हणजे पाभरीनं, भात पेरून मोकळं व्हायचं. हिला धूळवाफ म्हणतात. बाहेरच्या पावण्याला हे बघून हसू येतं. पण एकदा का पाऊस लागला की त्या रानात गुडघाभर चिखल होतो, कुरी चालत नाही. म्हणून बी आधीच मातीत घालून ठेवायचं. ते तिथं गप पडून राहतं आणि पाण्याबरोबर उगवतं.

ब्याऐंशी साली मात्र या रितीनं दगा दिला. मृगात दोन दिवस पाऊस झाला, भात बोटभर वर आलं, आणि मग आभाळ जे कोरडं पडलं ते पंचवीस दिवस. कोवळी रोपं जागच्या जागी करपली. आकारामनं दुबार पेरा केला, पण पीक आलं ते जेमतेम. त्या वर्षी दोन्ही घरांत सणावाराशिवाय भात शिजला नाही. आकाराम कधी कुरकुर करणारा माणूस नव्हे, पण त्या दिवाळीला तो म्हणाला की असं का झालं एवढं कुणी सांगितलं तरी जीव शांत होईल.

ते ज्ञानूच्या डोक्यात बसलं. हिवाळा सरता सरता पेठेतल्या वाचनालयात त्याला एका इंग्रजी मासिकात लेख सापडला, आणि खुर्चीवरून उठून नाचावं असं त्याला झालं. दक्षिण अमेरिकेच्या बाजूला, पेरू देशापाशी, पॅसिफिक महासागराचं पाणी ब्याऐंशीच्या मध्यापासून तापत गेलं होतं. तिथले कोळी या तापण्याला एल निनो म्हणतात. पाणी तापलं की त्याच्यावरची हवा वर चढते, ढग तिथंच जमतात आणि पाऊस तिथंच कोसळतो. एरवी हवेचा जो मोठा फेरा आपल्या बाजूला ढग आणून सोडतो, तो तिकडं सरकतो आणि इकडचा जोर कमी होतो. म्हणून पेरूत महापूर, ऑस्ट्रेलियात दुष्काळ, आणि आपल्याकडं पावसाची दडी. म्हणजे आकारामचं भात करपलं त्याचं मूळ दहा हजार मैलांवरच्या पाण्यात होतं.

पाडव्याला तो गावी गेला तो नकाशा गुंडाळून घेऊनच. सोप्यात नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवले आणि भावाला सगळं समजावलं. आकारामनं दीड तास ऐकलं. शाळा चौथीपर्यंतच, पण गडी समजून घ्यायला पक्का. एवढं पाणी तापतं कशानं, तापायला किती दिवस लागतात, निवायला किती लागतात, असं त्यानं एकेक विचारलं. तापण्याबद्दल ज्ञानूला सांगता आलं. निवण्याबद्दल लेखात काही नव्हतं, म्हणून त्यानं तो प्रश्न वहीत लिहून घेतला आणि विसरला.

मेच्या मध्याला पेपरात बातमी आली की पेरूत अजून पूर चालू आहेत, तिथलं समुद्राचं पाणी अजून तापलेलंच आहे. ज्ञानूनं पेपर खाली ठेवला. म्हणजे यंदाही तेच. शिक्षकांच्या एका शिबिरात त्याची पुण्याच्या हवामान खात्यातल्या एका साहेबांशी ओळख झाली होती. त्यांना त्यानं सविस्तर पत्र लिहिलं, की यावरून यंदाचा पाऊस कमी असं धरता येईल काय. पत्र पेटीत टाकलं. आता माणसानं उत्तराची वाट बघावी की नको? रोहिणी आठ दिवसांवर आलेली. शाळेला सुट्टीच होती, शनिवारी सकाळी हा वारणानगरच्या गाडीत बसला आणि कोडोलीला गेला.

आकाराम परड्यात बसून कुरीचे फण ठोकून घट्ट करत होता. बियाचं पोतं बयाबाईनं उन्हाला टाकायला बाहेर काढलं होतं. ज्ञानूनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"दादा, यंदा धूळवाफ नको," तो म्हणाला. "समुद्र अजून तापलेला आहे. पाऊस उशिरा येणार आणि आला तरी मध्येच दडी मारणार. पाऊस बसल्यावर तरवा टाकू आणि रोपं लावू. बी तरी वाया जायचं नाही."

आकारामनं हातोडी खाली ठेवली. "नक्की?"

"नक्की."

काय आधार होता या शब्दाला? तीन दिवसांपूर्वी हाच माणूस पुण्याला विचारत होता, धरता येईल काय म्हणून. पण थोरला भाऊ आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला शेतीचं विचारतोय, आणि आपण म्हणायचं की विचारून सांगतो? ते काही ज्ञानूच्या जिभेवर आलं नाही. बयाबाईनं मात्र धुसफूस केली. सगळं गाव पेरणार आणि आपण तेवढं हातावर हात ठेवून बसायचं हे तिला पटेना. आकारामनं तिला एवढंच सांगितलं की पोरगा शिकून आलाय, उगच बोलणार न्हाय. आणि बियाचं पोतं परत माळ्यावर चढलं.

रोहिणीत गावानं पेरा उरकला. येणारे जाणारे आकारामला विचारायचे, तुझं रान का मोकळं? तो म्हणायचा, बघू, घाई न्हाय. भावाचं नाव त्यानं काढलं नाही.

मृग निघाला तरी पाऊस आला नाही. केरळातच त्या वर्षी मॉन्सून उशिरा पोचला होता. दहा तारीख गेली, पंधरा गेली, आभाळ कोरडंच. गावात लोक घाबरायला लागले आणि आकारामकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. आकारामला पावसाचा वास येतो, असं पारावर बोललं जायला लागलं. हे ज्ञानूच्या कानावर आलं तेव्हा तो खूश तर झालाच, पण आतून थोडा नाराजही झाला. दादानं सांगायला काय हरकत होती की हे ज्ञानूनं सांगितलं म्हणून? इकडं शाळेत त्यानं शिक्षकांच्या खोलीत नकाशा लावला. शिकवायचा धडा सोडून आठवीच्या वर्गाला पॅसिफिक सांगितला. विमला म्हणाली की जरा दमानं घ्या, अजून जून संपायचाय. त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही.

एकोणीस जूनला पाऊस सुरू झाला. पहिल्या दिवशी ज्ञानू म्हणाला, थांबेल. आठव्या दिवशीही तेच म्हणाला. पाऊस काही थांबला नाही. मोठा धो धो नाही, पण रात्रंदिवस, झिमझिम आणि मध्ये एखादी सर, भाताला पाहिजे तसा. आणि धुळीत पेरलेलं सगळ्या गावाचं बी, जे उशीर झाला तरी कोरड्या मातीत सुखरूप पडून होतं, ते ओळीनं उगवून आलं. पाऊस उशिरा आल्यानं धूळवाफेचं काही बिघडत नाही. बिघडतं ते उगवल्यावर दडी मारली तर. एवढी साधी गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. नकाशा पसरणाऱ्याला ती सुचली नाही.

आकारामनं उंचवट्यावर तरवा टाकला, म्हणजे रोपं करायला वाफ्यात बी फेकलं. तिसऱ्या दिवशी एका जोराच्या सरीनं वाफ्यातलं बी धुऊन नेलं. दुसरा टाकला, तो सततच्या पाण्यानं कुजला. बी संपत आलं. जुलै उजाडला.

ज्ञानू रविवारी गावी गेला तेव्हा चहूकडं हिरवंगार होतं आणि मधोमध भावाचं रान नुसतं तपकिरी चिखलाचं. घरात बयाबाईनं चहा पुढं ठेवला आणि ती चुलीकडं तोंड करून बसली. आकारामनं पेठेतली ख्यालीखुशाली विचारली, विमलाची तब्येत विचारली, रानाचं अवाक्षर काढलं नाही. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर ज्ञानूला बरं वाटलं असतं.

पुण्याचं उत्तर त्याच आठवड्यात आलं. आंतरदेशीय पत्र, बारीक अक्षर. साहेबांनी लिहिलं होतं, की नुसतं पाणी किती तापलंय यावरून सांगता येत नाही. ते तापत चाललंय की निवत चाललंय हे बघावं लागतं. पेरूच्या किनाऱ्याला पाणी अजून गरम असलं तरी महासागराच्या मधल्या पट्ट्यात ते निवत चाललं आहे, आणि आपल्या पावसाला बहुधा ते मधलं पाणी जास्त महत्त्वाचं असावं. शिवाय आपला अरबी समुद्र आहे, हिमालयातला बर्फ आहे. आमच्यातही अजून एकमत नाही, तेव्हा यावरून कोणालाही ठाम सल्ला देऊ नये, अशी विनंती.

ज्ञानूनं ते पत्र चार वेळा वाचलं. गेल्या वर्षी विमलाला विषमज्वर झाला होता. एकशे दोन ताप चढताना होता आणि उतरतानाही एकशे दोन होता. डॉक्टर तेव्हा नुसता पारा बघत नव्हते, कालचा कागद काढून बघायचे. हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं होतं. त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. मग शाळेत चार दिवसांची रजा टाकली आणि गावी गेला.

आता एकच वाट उरली होती. दुसऱ्याच्या रानातला तरवा, म्हणजे तयार रोपं, मागून आणायचा आणि चिखलात लागण करायची. गावात तरव्याला कोणी नाही म्हणत नाही. पण मागणाऱ्याला एक सांगावं लागतं, की आपलं का गेलं. रोग असला, बी किडकं असलं, तर देणाऱ्यालाही सावध व्हायला बरं, म्हणून ही रीत पडलेली. दोघं भाऊ निघाले ते हंबीररावांच्या मळ्यात. हंबीरराव नदीकाठचे बडे शेतकरी. त्यांचं रान खोलगट, म्हणून ते दर वर्षी लागणच करायचे आणि तरवा गरजेपेक्षा जास्त टाकायचे. बांधावर इरलं घेतलेली चार-पाच माणसं उभी होती.

हंबीररावांनी रितीप्रमाणं विचारलं. आकारामनं शांतपणे सांगितलं की घरच्या बियाला कीड लागली. पेरायच्या वेळी पोतं उघडलं तर निम्मं पोकळ, म्हणून धूळवाफ चुकली, आणि राहिलेलं टाकलं ते उगवलंच नाही.

ज्ञानूनं चमकून भावाकडं बघितलं. आकारामचं बी म्हणजे गावातलं नावाजलेलं बी. तो लोंब्या निवडून वेगळ्या झोडायचा, राखेत घोळून ठेवायचा. यंदा जेमतेम घरापुरतंच बी राहिलं होतं, पण एरवी गावातली सात-आठ घरं पेऱ्याला त्याच्याकडून बी न्यायची, आणि ते देताना त्याची मान ताठ व्हायची. तेवढी एकच गोष्ट त्याला मिरवायला होती. ती त्यानं बांधावर उभं राहून सरळ चिखलात टाकली.

"तुझ्या बियाला कीड?" हंबीरराव म्हणाले. "मग फुडच्या साली आमास्नी दुसरीकडं बघाया पायजे."

ज्ञानूच्यानं राहवलं नाही. "बी चांगलं आहे," तो म्हणाला. "दाणा न् दाणा चांगला आहे. धूळवाफ करू नको म्हणून मी सांगितलं. समुद्र तापलाय, पाऊस दडी मारणार, असं मी सांगितलं. माझं चुकलं."

हंबीरराव हसायला लागले. वाईट माणूस नव्हे, पण हसू काही आवरेना. कुठला समुद्र, असं त्यांनी विचारलं. ज्ञानूनं सांगितलं. मग किती लांब, असं विचारलं. तेही ज्ञानूनं सांगितलं. बांधावरची माणसं पोट धरून हसली. मास्तर, आमची म्हस कवा इणार तेबी जरा त्या समुद्राला इचारून सांगा की, असं एकानं म्हटलं. हंबीररावांनी डोळे पुसले आणि पाहिजे तेवढा तरवा उपटून न्या म्हणाले. एवढंच नाही, लावायला दोन बायकाही देतो म्हणाले.

तरव्याच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन दोघं निघाले. पाणी निथळून मानेवरून पाठीत उतरत होतं. ज्ञानूला वाटत होतं की खरं बोलून आपण थोडंफार फेडलं. ओढा ओलांडल्यावर आकाराम थांबला.

"कशाला बोललास?"

"तुझं बी खराब नव्हतं, दादा. तुझं नाव..."

"माझ्या नावाला काय हुतंय?" आकाराम म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, आणि आवाज चढवायची त्याला सवय नव्हती. "बियाचं काय, फुडच्या साली उगवून दावलं की झालं. लोक परत दारात येत्यात. तुझं तसं हाय व्हय? तू चुकलास हे एका घरात ठावं हुतं. आता गावाला ठावं झालं. उद्या तुला समुद्राचं खरंच कळायला लागलं, तर ऐकायचं कुणी?"

बयाबाईनं तोंड फिरवलं, गाव हसलं, ते ज्ञानूनं सोसलं होतं. पण आकाराम दीड महिना कशासाठी गप्प होता ते आत्ता त्याला कळलं, आणि ओढ्याकाठी उभ्या उभ्या त्याला रडू आलं. पावसात ते कोणाला दिसलं नाही. आकारामनं डोक्यावरची पेंढी सारखी केली आणि रोपं सुकायच्या आत चल म्हणाला.

चार दिवस लागण केली. ज्ञानू, आकाराम, बयाबाई आणि हंबीररावांनी धाडलेल्या दोन बायका. ज्ञानूच्या हाताला सवय राहिलेली नव्हती, त्याच्या ओळी वाकड्या यायच्या, त्या बयाबाई मागून सरळ करायची. तिसऱ्या दिवशी ती त्याच्याशी बोलायला लागली. पाऊस त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत चांगला झाला. उशिरा लावलेलं भात म्हणून गावाच्या मानानं तीन वाट्यांतले दोन वाटेच पिकलं, पण दोन्ही घरांना काटकसरीनं पुरलं. ज्ञानूला मात्र गावात नवीन नाव पडलं, समुद्रमास्तर. गाडीतून उतरला की स्टँडवरची पानपट्टीवाली माणसंसुद्धा विचारायची, काय मास्तर, किती तापलाय? तो खाली मान घालून घराची वाट धरायचा. नकाशा त्यानं शाळेच्या कपाटात ठेवून दिला, पण पुण्याच्या साहेबांशी पत्रव्यवहार सोडला नाही. महिन्याला एक पत्र जायचं, दोन महिन्यांनी एक यायचं.

पुढच्या वर्षी मेच्या शेवटी, भर उन्हात, आकाराम शिवाजी पेठेत येऊन दारात उभा राहिला. तो असा कधी येत नसे. घरी काही झालं की काय म्हणून विमला घाबरली. त्यानं पाणी घेतलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ज्ञानूला विचारलं, यंदा समुद्राचं काय?

ज्ञानूनं साहेबांची पत्रं काढली. एकेक वाचून दाखवत त्यानं सांगितलं की मधल्या पट्ट्यातलं पाणी निवलंय, पेरूजवळचंही निवलंय. त्यावरून दडी मारायचं काही कारण दिसत नाही. पण अरबी समुद्राचं नीट कळत नाही, बर्फाचं कळत नाही. मग त्यानं पत्रं खाली ठेवली.

"दादा, मला नक्की माहीत नाही," तो म्हणाला. "अजून कोणालाच नाही. तू आपली धूळवाफ कर."

"केली की. परवाच पेरा झाला."

"मग एवढ्या उन्हाचा आलास कशाला?"

"इचाराया आलतो," आकाराम म्हणाला. "ते मधल्या पाण्याचं परत एकदा सांग. मला नीट कळलं न्हाय."